सव्वासहाची गायिका

आमच्या घरी संध्याकाळचं जेवण सूर्यास्ताच्या आत होतं. त्यामुळे भोपाळमध्ये कुठेही गाण्याचा कार्यक्रम असला, की सगळ्यात आधी पोचतात त्या आम्ही जैन बायका. ओटा आवरलेला, ताटं घासून पालथी घातलेली, मग घरी बसून करायचं काय? सतरंज्या अंथरणारी मुलं अजून कोपरे ओढत असतात, माइकवाला ‘हॅलो, चेक’ करत असतो आणि आम्ही पुढच्या रांगेत पदर सावरून बसलेल्या असतो. परत जायची घाईही आम्हालाच. नऊ वाजले की कुणाच्या सासूबाईंचं औषध, कुणाच्या नातवाची झोप. थोडक्यात, सांगलीहून लग्न करून या गावी आल्यापासूनच्या तीस वर्षांत मी पहिले कलाकार जितके ऐकले, त्याच्या निम्मेही शेवटचे ऐकले नसतील.

ज्याचा फोटो पोस्टरवर सर्वांत मोठा, त्याला इंग्रजी वर्तमानपत्रं ‘हेडलाइनर’ म्हणतात. आपल्याकडे त्यासाठी जुना शब्द आहे, ‘शेवटची बैठक’. मान ज्याचा मोठा, तो शेवटी गातो. आधीचे सगळे त्याच्याकडे जाणाऱ्या पायऱ्या. आता माझ्यासारखी बाई आयुष्यभर पायऱ्यांवरच बसून राहिली, तर तिला काही गोष्टी दिसतात, ज्या वर बसलेल्यांना दिसत नाहीत. त्याच इथे सांगायच्या आहेत.

पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवापासून सुरुवात करते, कारण आपल्या सगळ्या लहानमोठ्या संगीत समारोहांनी नकळत त्याचाच कित्ता गिरवला आहे. सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर. ते 1952 साली गेले आणि 1953 पासून त्यांच्या स्मरणार्थ आर्य संगीत प्रसारक मंडळाने हा उत्सव सुरू केला. पंडित भीमसेन जोशींनी तो पुढे अनेक दशकं घरचं कार्य असावं तसा वाहिला. 2011 मध्ये भीमसेनजी गेले आणि महोत्सवाला त्यांचंही नाव जोडलं गेलं. माझी धाकटी बहीण पुण्याला असते, तिच्या निमित्ताने मीही चारपाच वेळा जाऊन बसले आहे.

जुने लोक सांगतात, वर्षानुवर्षं शेवटच्या सत्राची नावं ठरलेली असायची. फिरोज दस्तूर, गंगूबाई हनगल आणि भीमसेन जोशी. तिघेही सवाई गंधर्वांचे शिष्य. सगळं संपल्यावर सवाई गंधर्वांच्याच आवाजातली भैरवी ध्वनिमुद्रिकेवरून लागायची आणि हजारो माणसं निःशब्द ऐकायची. पुढे अनेक वर्षं समारोप डॉ. प्रभा अत्रे यांनी केला. त्या सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर यांच्या शिष्या. सुरेशबाबू आणि हिराबाई ही अब्दुल करीम खाँसाहेबांची मुलं आणि सवाई गंधर्व खाँसाहेबांचे शिष्य. म्हणजे समारोप एका किराण्याच्या हातून दुसऱ्या किराण्याच्या हातात गेला, घराबाहेर गेला नाही.

याला पुनरावृत्ती म्हणून नाक मुरडायचं का? मला तसं वाटत नाही. गुरूच्या पुण्यस्मरणाला शिष्यांनीच शेवटचं गावं, यात गैर काय आहे? दरवर्षी पर्युषणात आपण त्याच पूजा त्याच चालीत म्हणतो. ‘यंदा नवीन काही नाही का?’ असं कुणी विचारत नाही. काही गोष्टी परत परत घडण्यासाठीच असतात. आणि आपलं संगीत तर पुनरावृत्तीवरच उभं आहे. बंदिशीचा मुखडा प्रत्येक आवर्तनात फिरून समेवर येतो, तेव्हाच आपली मान डोलते. पण मुखडा परत येताना गोड लागतो तो मधल्या जागेत काही नवं घडलेलं असतं म्हणून. मधे काहीच न करता जो गवई नुसता मुखडा घोळवत बसेल, त्याला पाच मिनिटांत लोक कंटाळतील. समारोहाचंही तसंच आहे. शेवटची बैठक ठरलेली असेना का, मधली आवर्तनं तरी मोकळी हवीत.

भीमसेनजींनी हे जाणलं होतं, असं जुन्या यादीवरून दिसतं. किराण्याच्या या उत्सवात मल्लिकार्जुन मन्सूर गायले, कुमार गंधर्व गायले, किशोरी आमोणकर आणि जसराज गायले. वाद्यं आली, नृत्य आलं. अलीकडे तिथे पहिल्यांदा हजेरी लावणाऱ्यांचा वेगळा उल्लेख होतो, तेही मला आवडतं. माझी तक्रार आहे ती ज्यांनी सवाईचा मांडव उचलला आणि त्यामागची दृष्टी मागेच ठेवली, अशा अनेक गावोगावच्या समारोहांबद्दल. डिसेंबर ते फेब्रुवारी या तीन महिन्यांत वेगवेगळ्या शहरांच्या पत्रिका शेजारी ठेवून पाहा. तीच दहाबारा नावं एका विमानतळावरून दुसऱ्या विमानतळावर जाताना दिसतील. नावं लिहीत नाही, कारण दोष त्यांचा नाही. बोलावणं आलं तर कलाकार जाणारच. दोष बोलावणाऱ्यांचा आहे आणि थोडा टाळ्या वाजवणाऱ्यांचाही.

बायकांचा हिशोब मांडताना मला प्रामाणिकपणे सांगायला हवं, की कंठसंगीतात आपल्या बायकांनी शेवटची बैठक मिळवलेली आहे. हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या, तेव्हा घरंदाज म्हणवणाऱ्या बाईने रंगमंचावर बसून गाणं हेच धाडस होतं. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, गंगूबाई, किशोरीताई, प्रभाताई. या नावांसाठी लोकांनी रात्र रात्र जागून काढली आहे. इतर देशांत बायकांना मुख्य मान मिळावा म्हणून अलीकडे चळवळ करावी लागली. 2018 मध्ये युरोपातल्या ‘कीचेंज’ उपक्रमात पंचेचाळीस महोत्सवांनी 2022 पर्यंत स्त्री-पुरुष निम्मे निम्मे करू, असं वचन दिलं. तरीही 2023 मध्ये इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवात मुख्य मंचावरचे तिन्ही दिवसांचे मानकरी पुरुषच होते. टीका झाली. 2024 मध्ये तीनपैकी दोन मान दुआ लिपा आणि सिझा या गायिकांना मिळाले, तिसरा कोल्डप्ले या गटाला, त्यांचा पाचव्यांदा! म्हणजे एकाच पत्रिकेत बदलही आला आणि पुनरावृत्तीचा विक्रमही झाला. वाचून मला हसू आलं. साहेबाच्या देशातल्या कमिट्याही आपल्यासारख्याच निघाल्या.

पण आपण गायिकांपाशीच थांबून स्वतःची पाठ थोपटून घेतो. वाद्यांकडे नजर टाका. तबल्यावर आबान मिस्त्री, सरोदवर शरन रानी आणि झरीन दारूवाला, व्हायोलिनवर एन. राजम, अशी मोठी नावं आहेत. तरी स्वतंत्र वादनासाठी बाई शेवटच्या बैठकीला बसली आहे, असं तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत? आमच्या मध्य प्रदेशातच, मैहरला, अन्नपूर्णादेवींचा जन्म झाला. उस्ताद अल्लाउद्दीन खाँसाहेबांची ही मुलगी सूरबहार वाजवायची. तिने जाहीर वादन सोडलं आणि दार बंद करून निखिल बॅनर्जी, हरिप्रसाद चौरसिया यांच्यासारख्यांना शिकवलं. त्यामागे घरातली दुःखं होती, ती चघळायची मला इच्छा नाही. पण जिचे शिष्य जगभर शेवटच्या बैठकीला बसले, ती स्वतः कोणत्याच पत्रिकेवर राहिली नाही, हे मनातून जात नाही.

आणि पुढच्या वेळी मंचावरची माणसं नीट मोजा. बायका असतात, बऱ्याच असतात. त्या मागे असतात, तानपुऱ्यावर. दोन तास पाठ ताठ ठेवून चार तारा छेडायच्या, चेहरा शांत ठेवायचा. शेवटी गुरुजींनी हात केला, तर दोन आलाप घ्यायचे. त्यांचं नाव पत्रिकेत नसतं. निवेदकाने घेतलं, तर तेही टाळ्यांत बुडून जातं.

आता पहिल्या आणि शेवटच्या बैठकीतला एक फरक सांगते, जो मला फार उशिरा कळला. आपल्याकडे रागाला वेळ असते. म्हणजे कलाकाराला कोणती वेळ दिली, यावर तो काय गाणार हेही ठरतं. पूर्वी रात्रभर मैफली चालत. भीमपलास, मारवा, यमन, बागेश्री, मालकंस, दरबारी आणि उजाडताना ललित, भटियार. सगळ्या प्रहरांना कुणी ना कुणी वाली होता. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली आले आणि रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद झाले. नियम चांगलाच आहे. हॉस्पिटलशेजारी राहणाऱ्या माणसाला विचारा. पण त्यामुळे रात्र चार तासांची झाली. वेळ कमी, म्हणजे बैठका कमी. बैठका कमी, म्हणजे जोखीम नको. जोखीम नको, म्हणजे तीच नावं. आणि त्याच वेळा असल्यामुळे तेच रागही. पहिल्या कलाकाराच्या वाट्याला कायम सांजवेळ, शेवटच्याच्या वाट्याला रात्र.

हे मला पुस्तकातून नाही कळलं. आमच्या महिला मंडळातून कळलं.

क्षमावाणीनंतरच्या रविवारी आमच्या मंडळाचा संगीताचा कार्यक्रम असतो. अकरा वर्षं मी त्याची सेक्रेटरी होते. या लेखासाठी म्हणून जुन्या पत्रिका काढल्या. पितळी डब्यात ठेवल्या होत्या, थोड्या दमट झाल्या होत्या. अकरा वर्षांत मुख्य कलाकार किती? तीन. त्यातले एक गृहस्थ सहा वेळा. खाली सही माझी. वर मी सवाईच्या नकलाकारांना बोल लावला ना? त्यांतली एक मी स्वतः आहे.

दरवर्षी मीटिंगमध्ये मी एखादं नवं नाव काढायची आणि दरवर्षी आमच्या कोषाध्यक्षा म्हणायच्या, “भाभी, पब्लिक तो उन्हीं के नाम से आती है.” खोटं नव्हतं ते. माझ्या सासूबाई त्याच गायकाचं तेच भजन ऐकायला यायच्या. त्यांना वर्षातून एकदा त्या एका जागेवर डोळ्यांत पाणी यायचं आणि ते पाणी मी कशाच्या नावाखाली काढून घेणार होते? देणगीदारांना मोठा फोटो हवा असायचा. हॉलचं भाडं चुकवायचं असायचं. मी सही करायची.

आणि पहिली बैठक? ती एका मुलीची. आमच्याच वस्तीतली, बारा वर्षं ख्याल शिकलेली. सात वर्षं तिने आमच्याकडे सव्वासहाला गायलं. आधी अर्धा तास होता, मग वीस मिनिटं झाली, कारण दीपप्रज्वलन लांबायचं आणि पाहुणे बोलायला लागले की थांबायचे नाहीत. ती पूरियाधनाश्री गायची, कधी मारवा, कधी यमन. समोर आम्ही पंधरावीस बायका आणि रिकाम्या खुर्च्या. खुर्च्या भरू लागल्या, की तिची वेळ संपायची. आम्ही तिला शाल द्यायचो. ‘स्थानिक प्रतिभा’ असं पत्रिकेत छापायचो. तो शब्द मीच सुचवला होता आणि मला तो फार छान वाटला होता.

सातव्या वर्षी ती घरी आली. चहा घेतला नाही. म्हणाली, “आंटीजी, एकदा मला साडेआठची वेळ द्याल? मी बागेश्री तयार केलाय. तीन वर्षं झाली. कुठे गायलाच मिळत नाही.” मी म्हटलं, “बेटा, सव्वासहाला गा ना, कुणाला कळतंय!” तिने माझ्याकडे पाहिलं. रागावली नाही. नुसतं म्हणाली, “मला कळतंय ना.”

पुढच्या वर्षी तिने निरोप पाठवला, की जमणार नाही. दुसरी मुलगी मिळाली. मिळतेच. क्षमावाणीला मी वस्तीत घरोघर हात जोडले, ‘उत्तम क्षमा’ म्हटलं, तिच्याही घरी गेले. पण सगळ्यांना म्हणायचं तेच तिलाही म्हटलं. ज्यासाठी खरोखर क्षमा मागायची होती, त्याचा उच्चार केला नाही. अशीही एक पुनरावृत्ती असते.

भीमसेनजी 1946 मध्ये पुण्यात सवाई गंधर्वांच्या साठीच्या समारंभात गायले, तेव्हा चोविशीचेही नव्हते. त्या दिवशी कुणीतरी त्या तरुण मुलाला वेळ दिली होती आणि लोक ऐकायला बसले होते. कुमार गंधर्व अकरा-बारा वर्षांचा पोर असताना मुंबईच्या जिना हॉलमध्ये जाणकारांपुढे गायला. पुढे तेच कुमारजी आमच्या देवासला येऊन राहिले आणि माळव्याला त्यांच्या नावाने ओळख मिळाली. आजचा शेवटचा मानकरी कधीतरी कुणीतरी योग्य वेळेला बसवलेला नवखाच असतो. 2024 च्या जानेवारीत नऊ तारखेला राशिद खाँ गेले, तेराला प्रभाताई. पाच दिवसांत दोन शेवटच्या बैठका रिकाम्या झाल्या. तेव्हा सगळीकडे एकच वाक्य ऐकलं, ‘आता यांच्यानंतर कोण?’ ज्यांनी वर्षानुवर्षं पहिल्याला पहिलाच ठेवला, त्यांनी हा प्रश्न विचारावा, याचं मला नवल वाटतं.

माझं माहेर सांगलीचं, म्हणून मिरज मला जवळची. तिथे मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं होतं. लहानपणी वडिलांबरोबर गेले आहे. इकडे ग्वाल्हेरचा तानसेन समारोहही 1924 साली उरूस म्हणूनच सुरू झाला. आजही तिथे सुरुवातीला हरिकथा होते, मिलाद होतो, समाधीवर चादर चढते. दरवर्षी तेच आणि ते तसंच असावं. अशा जागी गाण्याला ‘हाजिरी’ म्हणतात. हाजिरी लावायला आलेल्यात पहिला-शेवटचा असतो, पण भाव तो नसतो. वडील मला सांगायचे, “इथे कोण गातंय ते विचारू नको, काय गातंय ते ऐक.” तो उरुसाचा भाव गेला आणि उरली पोस्टरं, असं काही ठिकाणी झालं आहे. वर्षातून एकदा आठ मार्चला ‘महिला विशेष’ करून चारही बैठका बायकांना देतात, तेव्हाही मला आनंद कमी आणि शंका जास्त येते. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस मोकळे करून घ्यायची ही युक्ती तर नाही?

मग करायचं काय? मी संगीतज्ञ नाही, बी.ए. झालेली गृहिणी आहे. पण अकरा वर्षं मंडळ चालवलं आहे, म्हणून चार व्यवहाराच्या गोष्टी सांगते. ज्याने शेवटची बैठक केली, त्याला पुढची दोन वर्षं श्रोत्यांत मानाने बसवा. दर वर्षी एक बैठक, तीही मधली, भरल्या खुर्च्यांपुढची, तिथे कधीच न गायलेल्याला द्या. साथीच्या आणि तानपुऱ्याच्या माणसांची नावं पत्रिकेत छापा, शाईला काही फार पैसे पडत नाहीत. वर्षातून एक कार्यक्रम सकाळी ठेवा, म्हणजे तोडी आणि ललित आपल्या मुलींच्या कानावर पडतील. आणि सगळ्यात अवघड गोष्ट आपल्याकडे, श्रोत्यांकडे आहे. नाव ओळखीचं नाही म्हणून चहाला उठायचं नाही.

गेल्या वर्षी मी सेक्रेटरी नव्हते, पण मीटिंगला गेले आणि हट्ट धरला. मग त्या मुलीला फोन केला. मुलगी कसली, आता पस्तिशीची बाई आहे ती, एका शाळेत संगीत शिकवते. म्हटलं, “साडेआठची वेळ आहे. आणि बेटा, त्या वेळी मी चुकले. कुणाला कळतंय, असं म्हणाले होते.” बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, “आंटीजी, माझा आता तेवढा रियाज राहिला नाही. माझी एक विद्यार्थिनी आहे, तिला द्या. पण सव्वासहाला नाही हं.”

साडेआठला एकोणीस वर्षांची पोरगी बसली. कोषाध्यक्षांचं म्हणणं खोटं ठरलं नाही. बऱ्याच खुर्च्या रिकाम्या झाल्या, गेटपाशी गाड्या सुरू झाल्याचे आवाज येत होते. तिने बागेश्री घेतला. आवाज सुरुवातीला कापत होता, द्रुतला एकदा सम चुकली, तबलजीने सांभाळून घेतलं. मागे तानपुऱ्यावर तिची गुरू बसली होती. आमच्या पुढच्या रांगेतल्या बायकांतल्या सहाजणी थांबल्या. नऊ वाजले, सव्वानऊ वाजले. घरून दोनदा फोन आला. मी तो उचलला नाही.